बिनउंबऱ्याचं घर

बेळगावच्या टिळकवाडीत आता एकेका गल्लीत चार-चार कॉफीची दुकानं झाल्यात आणि जिममधली पोरं आरशात बघून लोखंड उचलत्यात. तिथंच एका सात मजली बिल्डिंगीच्या डोक्यावर एक घर हाय. त्याला पेंटहाऊस म्हणत्यात. उंच असं, की खाली भुरभुर चालू असली तर वरचं माणूस ढगावर कपडे वाळत घालतंय. भिंती म्हणून न्हाईत, सगळी काच. घराच्या पोटात आणि एक माडी, तिला गोल जिना, आणि दिवे इतके की कुठल्या बटणानं कुठला लागतोय ते पाठ करायला आठवडा जावा. पण स्वरालीनं ते घर पहिल्यांदा बघितलं तवा तिनं काच बघितली न्हाय का माडी बघितली न्हाय. तिनं खाली बघितलं. त्या घराला उंबरा न्हवता.

लिफ्टीतनं चाक बाहेर काढलं की थेट घर. गच्चीवर जायला काच सरकवली की झालं. न्हाणीघरसुदिक तसंच, पायरी न्हाय, कट्टा न्हाय, सगळं तळहातासारखं सपाट. चाकाची खुर्ची एकदा ढकलली तर बिछान्यापासनं गच्चीतल्या झाडापर्यंत कुठं अडकायची न्हाय. तिला तेवढंच दिसलं, बाकी एजंट काय बडबडत होता ते कानावर पडून गेलं.

घरी सासू होती, आक्काताई. गेल्या साली परसात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. उभी ऱ्हायची, पण पाऊल म्हणून टाकता यायचं न्हाय. खुर्ची आणली तर गावच्या घरात एकामागं एक तीन उंबरं, प्रत्येकाशी खुर्ची अडून बसायची. मग स्वरालीच तिला पाठुंगळी घेऊन परसात न्यायची, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात स्वराली कॅम्पातल्या शाळेच्या ऑफिसात आणि नवरा सौरव उद्यमबागेत फौंड्रीत. आक्काताई दिवसभर सोप्यात. शेजारची कुणी आली तर तिला थापा मारायच्या, न्हाय आली तर छपराच्या वाशांना. शहरात घर घ्यावं, तिला संगं न्यावं, दुपारच्या सुट्टीत एक जण तरी घरी यावं, म्हणून दोघांनी बेळगावात घरं बघितली. कुठं दार अरुंद, कुठं न्हाणीला ही उंच पायरी. बिनउंबऱ्याचं हे एकच. भाडं ऐकून सौरवनं परत एकदा विचारलं, मग काय काय सोडायचं ते दोघांनी ठरवलं आणि त्यावर पुन्हा तोंड उघडायचं न्हाय असंबी ठरवलं.

पण एजंट परशरामानं पहिल्याच दिवशी लिफ्टीत सांगून टाकलं होतं. मालकाला दोघंच म्हणून सांगा. म्हातारं माणूस संगं हाय म्हटलं की चिंतामणी वकील त्या घराचं कुलूपसुदिक दाखवत न्हाईत. का, ते त्यालाबी ठाऊक न्हवतं. एकदा राहायला गेल्यावर माणसं मोजायला कोण येतंय, असं त्याचं म्हणणं. स्वरालीनं फोनवर वकीलकाकांना सांगितलं, "आम्ही दोघंच." जीभ जरासुदिक अडखळली न्हाय, आणि त्याचंच तिला मग लई लागून ऱ्हायलं.

वकीलकाकांची एक तऱ्हा होती. कागद करायच्या आधी ते माणसाला एक अख्खा दिवस त्या घरात राहायला लावायचे. सकाळी किल्ली द्यायची, संध्याकाळी स्वतः यायचं. दिवसभर तुम्ही घर बघा, मग मी तुम्हाला बघतो, असं म्हणायचे. ह्यांना दिला मंगळवार. बुधवारी बेंगळूरचं एक जोडपं येणार होतं, त्यांना घर फोटोतच पसंत पडलेलं. मंगळवार हुकला की घर गेलं.

आणि नेमका तोच मंगळवार गावानं धरलेला.

त्यांचं गाव येळ्ळूरच्या पलीकडं. आषाढात तिथं वार पाळत्यात आणि शेवटच्या मंगळवारी अख्खं गाव बाहेर पडतं. उजाडायच्या आत घराला कुलूप, चूल गार, केरसुणीला हात लावायचा न्हाय. गावकार भरमूआण्णा गल्लीगल्लीतनं हाळी देत फिरतो, आत कुणी ऱ्हायलं न्हाय ना ते बघतो, आणि वेशीवर काटेरी फांदी आडवी टाकतो. मग गावात दिवसभर फक्त देव. माणसं शेतात झाडाखाली, तिथंच तीन दगडं मांडून रांधायचं, तिथंच जेवायचं. दिवेलागणीला फांदी उचलली की सगळ्यांनी एकदम आत शिरायचं आणि घरातल्या जाणत्या बाईनं दिवा लावायचा. बाळंतीण असो, आजारी असो, मागं कुणाला ठेवायचं न्हाय. गेल्या साली आक्काताईला चौघांनी खाटेसकट शेतात नेलं आणि खाटेवर बसून तिनं वाटेतल्या सगळ्यांना सांगितलं की माझं लगीन हाय.

औंदा शेतात गुडघाभर चिखल, आणि डॉक्टरांनी ओल लागू देऊ नका म्हणून बजावलेलं. सौरव म्हणला, आईला टिळकवाडीतच नेऊया. गावाबाहेर म्हणजे गावाबाहेर. वकीलकाका संध्याकाळी येणार, त्याच्या आधी मी गाडी घेऊन येतो आणि आईला खाली उतरवतो. स्वरालीला ते पटलं न्हवतं. पण दुसरी वाट न्हवती.

सकाळी वॉचमन मागल्या अंगाला गाडी धूत होता, तेवढ्यात त्यांनी खुर्ची लिफ्टीत घातली. लिफ्ट निघाली तशी आक्काताईनं देवाचं नाव घेतलं, आणि वर पोचल्यावर म्हणली की देव खालीच ऱ्हायला, आपणच पुढं आलो. सौरव तिला सोडून फौंड्रीला गेला. स्वराली चहाचा थर्मास उघडून पेला शोधत होती. पेला घेऊन वळली तर खुर्चीच्या जागी खुर्ची न्हाय.

ती गच्चीत होती. आक्काताईनं आपल्या हातानं चाकं फिरवली होती, काचेतनं बाहेर गेलती आणि कठड्याशी जाऊन खाली टिळकवाडी बघत होती. वर्षात पहिल्यांदा सासू तिला न सांगता खोलीतनं निघून गेलती. स्वराली पेला धरून तिथंच उभी ऱ्हायली. आतापर्यंत तिला हे घर पाहिजे होतं. आता ते गेलं तर काय, हा विचारच तिला सोसंना.

दुपारपर्यंत सगळं नीट चाललं. मग जेवणाची वेळ झाली.

आत गुळगुळीत काळी शेगडी होती. स्वराली भात टाकायला उठली तशी आक्काताईनं विचारलं, कुठं शिजवणार? घरात? आज? स्वरालीनं समजावलं की वार आपल्या गावचा, हे बेळगाव, हितं कुणी पाळत न्हाय. आक्काताई म्हणली, गाव तिकडं असंल, पण मी तर त्याच गावची हाय. घरातल्या चुलीवरचं मी आज खाणार न्हाय. आणि जेवल्याबिगर गोळी घ्यायची न्हाय, हे डॉक्टरच म्हणलाय, मी न्हाय. एवढं बोलून तिनं तोंड मिटलं आणि लांब राजहंसगडाकडं बघत बसली.

स्वरालीला ठाऊक होतं, गोळी चुकली तर रक्तदाब कुठं जातोय ते. तिनं विचारलं, मग उघड्यावर जाळ कशानं करू? आक्काताईनं मांडीवरची शाल बाजूला केली, जरा कलंडली आणि बुडाखालची पिशवी ओढून काढली. आत गोवऱ्या, काटक्या, मूठभर डाळ, गुळाचा खडा आणि एक लहान पातेलं. पहाटेपासनं ती त्या गोवऱ्यांवरच बसली होती. तीन दगडं तर गच्चीतच होती, शोभेची, पांढरीधोट, झाडांच्या मधी कुणीतरी हौसेनं मांडलेली. एवढी गोरी दगडं मी बापजन्मात बघितली न्हाईत, आक्काताई म्हणली, आण हिकडं, जरा कामाला तरी लागू देत.

स्वरालीनं कठड्यालगत वाळूच्या कुंडीतली वाळू पसरली, दगडं मांडली आणि जाळ केला. गोवरीनं आधी रुसवा धरला, मग असा धूर सोडला की खालच्या मजल्यावरच्या माणसाला वाटावं, वर रेल्वेचं इंजिन येऊन थांबलंय. भात झाला, गोड आमटी झाली. आक्काताई पोटभर जेवली, गोळी घेतली आणि हातावर मशेरी घेतली. स्वराली हाताचं खरकटं धुवायला नळापाशी गेली, आणि आत काहीतरी बंद पडल्याचा आवाज आला. फ्रिज गप. पंखा गप. करंट गेला होता, आणि खालचा जनरेटरबी लागला न्हाय.

पाठोपाठ सौरवचा फोन. भट्टी लांबली, अजून लोखंड ओतायचंय, मधनं निघता येत न्हाय. वकीलकाका यायच्या आधी काय जमणार न्हाय, आईला तूच खाली ने लिफ्टीतनं. लिफ्ट बंद हाय हे ती सांगणार तोवर त्यानं फोन ठेवला. फौंड्रीत जाळापाशी जाताना ती माणसं फोन पेटीत ठेवत्यात. तिनं दोनदा परत लावला, वाजून वाजून थांबला.

तिसऱ्यांदा लावायला घेतला तर परशरामाचा आला. वहिनी, वर काय पेटलंय? साहेबांना त्यांच्या गच्चीवरनं धूर दिसला. निघाल्यात ते.

वकीलकाकांचं घर मागल्याच गल्लीत. स्वरालीनं पातेल्यातलं पाणी जाळावर ओतलं, त्यानं धूर दुप्पट झाला. ओली राख सगळीकडं पसरली. तिनं त्याच राखेतनं खुर्ची मागं ओढली, फिरवली आणि आत आणली. जाणार कुठं? माडीवर गोल जिना. खोल्यांना दारं न्हाईत, सगळं मोकळं मोकळं, ह्यालाच तर ते मोठं भाडं. दार म्हणून होतं ते एका न्हाणीघराला.

"मी काय चोर हाय व्हय गं?" आक्काताईनं विचारलं.

"आत्या, थोडा वेळ. पाया पडते."

आक्काताई काय बोलली न्हाय. न बोलणारी सासू स्वरालीनं कधी बघितली न्हवती. तिनं दार ओढून घेतलं.

जिन्यावर पावलं वाजत होती. मजल्यागणिक थांबत होती, खोकत होती, पुन्हा चढत होती. दारात चिंतामणी वकील उभे ऱ्हायले तवा त्यांचा शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, काठी न्हाय, पण त्या दिवशी पाहिजे होती. त्यांनी आधी हातानंच पाणी मागितलं. पाणी प्याले, गच्चीकडं बघितलं. काळी झालेली दगडं, पाणी मारलेला जाळ.

"हे काय?"

स्वरालीनं सांगितलं, गावचा वार हाय, आज घरात चूल पेटवत न्हाईत. ते म्हणले, बरं. तेवढंच. मग गच्चीतल्या दोन ताटल्यांकडं बघितलं आणि विचारलं, यजमान आलते जेवायला?

ती व्हय म्हणली असती तर निभलं असतं. तोंडापर्यंत आलतं. पण तेवढ्यात तिनंबी त्यांच्या नजरेमागनं खाली बघितलं. आरशासारख्या त्या फरशीवर राखेच्या दोन रेघा, कुठं न तुटता, गच्चीतनं निघून थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत गेलत्या. उंबरा न्हवता ना मधी कुठं.

वकीलकाकांनी त्या रेघा बघितल्या. दार बघितलं. उठून उघडलं मात्र न्हाय. सोफ्यावर मागं टेकले आणि खालच्या आवाजात बोलायला लागले, जसं काय स्वतःलाच सांगत्यात.

हितं आधी एक कुटुंब होतं. दोघं मुलगे, सुना आणि त्यांचे वडील. गुरुजी होते ते, निपाणीकडचे. घर चांगलं, वारा चांगला, बाबांना बरं वाटंल म्हणून घेतलेलं. मग एक मुलगा पुण्याला गेला, एक लांब परदेशात. भाडं महिन्याच्या महिन्याला यायचं, अगदी न चुकता. वर गुरुजी एकटे. स्वयंपाकाला एक बाई यायची, ती आली न्हाय की वकीलकाकाच डबा घेऊन चढायचे. एकदा असाच करंट गेला, जनरेटरनंबी हात टेकले, आणि गुरुजींच्या छातीत दुखायला लागलं. वकीलकाकांनी आणि वॉचमननं त्यांना चादरीत घेतलं. म्हातारं माणूस, चादर, अरुंद जिना. चौथ्या मजल्यावर हात सुटायला आले म्हणून दोघांनी त्यांना खाली टेकवलं. गुरुजींनी वकीलकाकांचा हात धरला. म्हणले, वकीलसाहेब...

आणि वकीलकाका थांबले. पेला उचलला, तो रिकामा होता, तसाच हातात धरून बसले.

बाहेर कावळा ओरडला. स्वराली खाली मान घालून उभी.

"मग? काय म्हणले गुरुजी?"

न्हाणीघरातनं आलं ते. स्वरालीनं डोळे मिटले. आक्काताईला एक वेळ उपाशी ठेवा, उन्हात ठेवा, पण गोष्ट मधी सोडलेली तिला सोसत न्हाय.

वकीलकाका जागचे हलले न्हाईत. दाराकडं बघतच त्यांनी उत्तर दिलं.

"म्हणले, पोरांना उगं फोन करू नका. कामात असतील."

मग खुर्चीचं चाक दाराला लागलं. स्वरालीनं जाऊन दार उघडलं. आक्काताई पदर सारखा करून बाहेर आली, वकीलकाकांच्या समोर थांबली आणि विचारलं, पुढं? ते म्हणले, पुढं काय, दवाखान्यात नेलं, तिथनं ते परत आले न्हाईत. मुलगे आले, सामान नेलं, किल्ली वॉचमनकडं ठेवून गेले.

"तवापासनं मी म्हाताऱ्या माणसाला हे घर देत न्हाय, आक्का. तुमचा राग न्हाय. आणि तुम्ही," ते स्वरालीकडं वळले, "तुम्ही मला दोघंच म्हणून सांगितलासा."

"व्हय, सांगितलं," स्वराली म्हणली.

आक्काताईनं मग तिची बाजू धरली. आमच्या गावात आजच्या दिवशी माणूस मागं ठेवत न्हाईत, म्हणून तर ही मला घेऊन आली. न्हायतर कुणाच्याबी घरात टाकून आली असती. वकीलकाकांनी सगळं ऐकून घेतलं, आणि कोर्टात बोलावं तसं हळू, एकेक शब्द मोजून बोलले.

"मागं ठेवत न्हाईत. मग न्हाणीघरात काय केलासा? दाराच्या मागंच ठेवला की."

स्वरालीला ते असं लागलं की जाळावर टाकलेल्या पाण्यासारखी ती आतल्या आत चरचरली. कारण ते खरं होतं. भरमूआण्णानं पहाटे तिच्या दारात उभं राहून विचारलं होतं, आत कुणी न्हाय ना गं? आणि तिनं छाती पुढं काढून सांगितलं होतं, न्हाय आण्णा, सगळी बाहेर. दुपार कलायच्या आत तिनंच सासूवर दार ओढलं.

वकीलकाका उठले. ओरडले न्हाईत, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. म्हणले, बघा, मी म्हणत होतो ते आज समोरच घडलंय. करंट न्हाय. लिफ्ट न्हाय. यजमान हितं न्हाईत. तुम्ही एकट्या. आता ह्या आक्कांना काय झालं तर तुम्ही काय करणार, सांगा मला. ते येऊ देत, निवांत उतरवा त्यांना, घाई न्हाय. पण घराचं काय व्हायचं न्हाय. बुधवारची माणसं हाईतच.

स्वरालीनं कोपऱ्यातल्या किल्लीकडं बघितलं. मग सासूकडं. आक्काताईनं हातातली मशेरीची डबी कनवटीला लावली, जसं माणूस गावाला निघताना लावतंय.

स्वरालीनं किल्ली कमरेला खोवली. पदर आवळून बांधला, साडी गुडघ्याच्या वर खोचली, आणि खुर्चीच्या पुढं पाठ करून खाली बसली.

"चला आत्या. दिवेलागणीला वेशीत पोचायचंय."

वकीलकाका म्हणले, हे काय करता, सात मजले हाईत, पडलासा तर दोघी जाशीला. ती म्हणली, तुम्ही विचारलासा ना काय करणार? हे करणार. वाटंत हात सुटला तर मी खाली पडंन, ती माझ्या वर पडंल. त्यापलीकडं माझ्याकडं उत्तर न्हाय. तवर आक्काताईचे हात तिच्या गळ्याभोवती आलते. रोजची सवय, सकाळ-संध्याकाळची. पण रोज असायचं ते परसू, चार पावलांवर.

जिना अरुंद आणि अंधारा. वकीलकाका मोबाईलची बॅटरी लावून पुढं झाले, उलटे उतरत, उजेड तिच्या पायांवर धरून. वरच्या दोन मजल्यांना काय वाटलं न्हाय. मग पोटऱ्या भरून आल्या. आक्काताई वाळकी, पण गोड आमटी दोनदा घेतलेली. स्वरालीच्या कपाळावरचा घाम डोळ्यात जायला लागला आणि पुसायला हात मोकळा न्हाय. पाठीवरनं पदराचं टोक आलं आणि तिचं कपाळ पुसून गेलं. चौथ्या मजल्यावर वकीलकाका आपसूक थांबले. जागा तीच असणार. ते भिंतीकडं बघत म्हणले, जरा टेकवा हितं. स्वरालीनं मान हलवली. टेकवली असती तर ती पुन्हा उठली नसती, हे तिचं तिला ठाऊक होतं. ती भिंतीला खांदा लावून उभी ऱ्हायली, चार श्वास घेतले आणि पाऊल खाली टाकलं. गुडघा लटकन हलला. वकीलकाकांच्या हातातला उजेड हलला. आक्काताईनं श्वास धरला, तो तिला मानेवर कळला. मग गुडघा जाग्यावर आला.

तिसऱ्या मजल्याशी वळताना तिला ते दिसलं. लिफ्टीच्या दारावर लाल आकडा पेटला होता. करंट आलता.

तिचं सगळं अंग एकदम सैल पडायला निघालं. दोन पावलं बाजूला जायचं, बटण दाबायचं, संपलं. तिनं तोंड उघडलं. तोच तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून आक्काताईनं असा चिमटा काढला की डोळ्यापुढं काजवे चमकले. आणि कानात वारं फुंकल्यागत आवाज आला. गप चाल.

स्वराली गप चालली. दुसरा मजला. पहिला. वकीलकाका अजून उलटेच उतरत होते आणि उजेड तिच्या पायांवर धरत होते. खालच्या पायरीवरनं तिनं फरशीवर पाय टाकला, वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीपर्यंत गेली आणि सासूला तिच्यात बसवली. मग स्वतः भिंतीला पाठ लावून तिथंच खाली बसली. पाय असे थरथरत होते, जसं काय ते दुसऱ्याच कुणाचे हाईत.

तिचे हुकलेले फोन बघून निघालेला सौरव गाडी लावून पळतच आत आला. आईकडं, बायकोकडं आणि वकीलकाकांकडं बघून त्याला काय विचारावं ते कळंना.

स्वरालीनं कमरेची किल्ली काढली आणि वर धरली. वकीलकाका ती घ्यायला वाकले न्हाईत. त्यांनी बॅटरी बंद केली, खिशात फोन ठेवला.

"तिसऱ्या मजल्यावर करंट आलता," ते म्हणले. "मी बघितलं."

"मग बोलला न्हाईसा?"

"तुम्हीबी बोलला न्हाईसा."

त्यांनी आक्काताईकडं बघितलं. आक्काताई वॉचमनच्या टेबलावरचा रेडिओ न्याहाळत बसली होती, जसं काय तिचा ह्या बोलण्याशी संबंधच न्हाय.

वकीलकाका म्हणले, किल्ली ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. बुधवारच्या लोकांना मी सांगतो. पण कागदावर तिघांची नावं येणार, आणि जनरेटरची टाकी तुमच्या यजमानानं दर आठवड्याला बघायची. माणूस दार लावून ठेवलेलं मला पुन्हा दिसता कामा नये. स्वरालीनं मान खाली घातली. न्हाय दिसायचं, म्हणली. आक्काताईनं मधीच तोंड घातलं, आणि आमच्या वारादिवशी चूल? ते म्हणले, खाली पत्रा घाला, आणि ती दगडं तेवढी धुवून ठेवा. पुढल्या साली मलाबी बोलवा, आमची आईसुदिक धरायची मंगळवार.

वेशीत पोचली तवा गाव सगळं जमलं होतं. भरमूआण्णानं फांदी उचलली, लोकं आत शिरली. सौरव आईला उचलायला पुढं झाला तर ती म्हणली, तू ऱ्हाऊ दे, तुला सवय न्हाय. स्वराली हसली आणि पुन्हा पाठ करून बसली. पहिला उंबरा, दुसरा, तिसरा. आक्काताईनं देवापुढं दिवा लावला, आणि गल्लीतल्या बाया सोप्यात येऊन टेकल्या.

मग सुरू झालं. म्हणली, घर इतकं उंच की रात्री चंद्र कठड्याला अडकतोय, काठीनं ढकलायला लागतोय. तिथल्या फरशीत तोंड दिसतंय, म्हणून माणसं खाली बघून भांग पाडत्यात. आणि उतरताना लिफ्ट बंद पडली तशी माझी सून मला घेऊन सात काय, सतरा मजले उतरली, आणि मालक पुढं मशाल धरून, राजाच्या स्वारीत धरत्यात तशी.

स्वराली आत पायांना गरम तेल चोळत होती. तिनं काय दुरुस्त केलं न्हाय.

कुणीतरी विचारलं, आणि मालक कसा हाय गं आक्का?

"माणूस चांगला हाय," आक्काताई म्हणली. "पण गोष्ट मधीच सोडतोय."